मॅनेजर कसला हुशार पाहिजे?



चार दिवस झाले, भुरभुर थांबायचं नाव घेत नाही. सोयाबीन बावीस दिवसांचं झालंय, तण वर यायला लागलंय आणि कोळपं सपरात उभं आहे. काळ्या रानात पाय घातला की बुटाला दोन किलो माती. म्हणून आजची नोंद रानाची कमी आणि कंपनीची जास्त. ज्यांना फक्त पिकाचं वाचायचंय त्यांनी शेवटच्या चार ओळी वाचून पुढं जावं, राग नाही.

येत्या मंगळवारी आमच्या शेतकरी कंपनीत मॅनेजरच्या मुलाखती आहेत. गोदाम आणि छोटी डाळ मिल असं काम हातात घेतलंय. तुरीची आवक जानेवारीत वाढते, त्याच्या आत मिल फिरली पाहिजे. नाही फिरली तर कर्जाचा पहिला हप्ता आपल्याच खिशातून. परवाच्या बैठकीत यावरच दोन तास गेले. एक संचालक म्हणाले, एमबीए झालेला घ्या. दुसरे म्हणाले, शिकलेला घेऊन बघितला की, आता माणसं सांभाळणारा घ्या, गावाकडचा. तिसऱ्यांचं म्हणणं, बांधकाम आणि मशिनरी आहे तर इंजिनियरच पाहिजे. मी गप्प बसलो होतो. कारण आधीचे दोन्ही मॅनेजर निवडताना हात वर करणाऱ्यांत मी होतो, आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो. त्यामुळं आज जे लिहितोय ते पुस्तकातलं ज्ञान कमी आणि भरलेली फी जास्त आहे.

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तो म्हणतो, काका, आमच्याकडंही हाच वाद चालतो, डोक्याची हुशारी मोठी का मनाची. त्यानं मला वाचायला काय काय पाठवलं. हॉवर्ड गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली मांडलं की हुशारी एक नसते, सात असतात. भाषेची, गणिताची, आकार आणि जागा समजण्याची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढं त्यात आठवी घातली, निसर्ग ओळखण्याची. ही आठवी वाचून मला बरं वाटलं, आपल्या लोकांना एका विषयात तरी मार्क पडतील. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी तीनच सांगितल्या: फोड करून बघणारी, नवं सुचणारी आणि व्यवहारातली. आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द घराघरात नेला.

वाचायला सगळं गोड आहे. पण यातलं बरंच वादाचं आहे हेही सांगतो. गार्डनरच्या आठ हुशाऱ्या वेगवेगळ्या असल्याचा पुरावा कच्चा आहे, असं म्हणणारे मानसशास्त्रज्ञ खूप आहेत. आणि साधी डोक्याची हुशारी, म्हणजे नवं पटकन शिकणं, आकडा समजणं, गुंता सोडवणं, ही कामात उपयोगी पडते हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून दिसलंय. तेव्हा माणूस मनमिळाऊ असला की झालं, या भ्रमात राहू नका. आम्ही राहिलो होतो. ते पुढं येईलच.

पहिले मॅनेजर आम्ही २०२२ साली घेतले. कृषी पदवी, वर एमबीए, बोलणं स्वच्छ. प्रतवारी यंत्र बसवायचं काम होतं. त्यांनी लॅपटॉपवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता केला. पाया, शेड, मशीन, वीज, चाचणी, सगळं तारखेसकट. आम्ही तर बघतच राहिलो. १५ सप्टेंबरला मशीन येणार होतं, ते १५ सप्टेंबरलाच आलं. वीज मात्र आली नाही.

रोहित्रापासून शेडपर्यंत पाच खांब लागत होते. तिसरा खांब शेजारच्या तात्यांच्या बांधावर येत होता आणि तात्यांनी हरकत घेतली. तक्त्यात ‘वीज जोडणी, २१ दिवस’ अशी पिवळी पट्टी होती, त्या पट्टीत तात्या कुठंच नव्हते. तात्यांचं आणि आमच्या एका संचालकांच्या घराचं भावकीतलं जुनं दुखणं आहे. त्यात शेडच्या भूमिपूजनाला अख्खं गाव होतं, तात्यांना बोलावणं नव्हतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. साहेबांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

बरं, हेही एकवेळ समजून घेता येतं, माणूस बाहेरगावचा. पण खरी चूक वेगळीच होती. खांबाचं काम अडलंय हे त्यांना २० ऑगस्टलाच कळलं होतं. आम्हाला सांगितलं १८ सप्टेंबरला, मशीन दारात येऊन पडल्यावर. मधल्या प्रत्येक सोमवारी बैठकीत एकच उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ चार सोमवार गेले. त्या ऑक्टोबरात पाऊस किती झाला ते तुम्हाला आठवत असेल. मशीन ताडपत्रीखाली आणि सभासदांचं भिजलेलं सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावर. माझं स्वतःचं चाळीस क्विंटल गेलं, मिळेल त्या भावात. नोव्हेंबरात आम्ही दोघं तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. तात्या अर्धा तास नुसतं पावसाचंच बोलले. मग म्हणाले, खांब बांधाच्या अलीकडच्या कोपऱ्यात घ्या, बैल फिरायला जागा राहू द्या. एवढंच होतं. खरंच एवढंच.

साहेब गेले. मग आम्ही उलटं टोक गाठलं. गावातलेच एक भाऊ घेतले, सगळ्यांचे लाडके. कुणाच्या घरी मयत असो, लग्न असो, भाऊ पुढं. तात्यांशी तर त्यांचं घरोब्याचं. मजूर त्यांच्या शब्दावर यायचे. आता गाडी रुळावर, असं आम्हाला वाटलं.

२०२४ च्या हंगामात कंपनीनं १४०० क्विंटल सोयाबीन घेतलं. हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्या वर्षी केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली, पण ती नोव्हेंबरात. भाऊंनी सरासरी १८ टक्के ओलाव्याचा माल घेतला, कारण नाही म्हणता येईना. संचालकांच्या भावकीचा ट्रॅक्टर आला की मीटर बाहेरच निघायचं नाही. एक ढीग तापला, त्याला वास सुटला, तो वेगळा विकावा लागला.

पण मला जो प्रसंग सांगायचाय तो पुढचा. माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला आणि वजन केलं. भाऊंचा हिशोब सरळ होता: १८ वजा १२ म्हणजे ६ टक्के घट, १४०० क्विंटलवर ८४ क्विंटल. प्रत्यक्षात घट भरली साडेपंच्याण्णव क्विंटल. साडेअकरा क्विंटलचा फरक. तेव्हाच्या ४२०० च्या आसपासच्या भावानं जवळजवळ ४८ हजार रुपये. बैठकीत कुजबुज सुरू झाली. गोदाम सांभाळायला एक पोरगं होतं, बारावी झालेलं, चावी त्याच्याकडं. कुणी चोर म्हणलं नाही. पण ‘मग साडेअकरा क्विंटल काय उडून गेलं का?’ असं विचारणारा माणूस मीच होतो. भाऊ खाली मान घालून बसले. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, ना आम्हाला ना पोराला. पंधरा दिवसांत पोरगं काम सोडून पुण्याला गेलं.

चार महिन्यांनी एक कृषी शास्त्रज्ञ मित्र घरी आले होते. चहा पिताना मी हे सांगितलं. त्यांनी खताच्या पावतीमागं तीन ओळींत मांडून दाखवलं. शंभर क्विंटल मालात १८ टक्के पाणी म्हणजे सुका माल ८२ क्विंटल. वाळवल्यावर तोच ८२ क्विंटल नव्या वजनाच्या ८८ टक्के असतो. ८२ ला ०.८८ नं भागा, येतात ९३.१८. म्हणजे घट ६ नाही, ६.८२ टक्के. आता १४०० ला ६.८२ नं गुणा. साडेपंच्याण्णव. मीटरच्या चुकीचं थोडं इकडंतिकडं धरलं तरी हिशोब जागच्या जागी बसला. एक दाणाही चोरीला गेला नव्हता.

मी त्या पोराला फोन केला. सगळं सांगितलं. तो ‘बरं काका’ म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणून कुणी मला सांगायला लागलं की मॅनेजरला हिशोब नाही आला तरी चालतो, हिशोबाला अकाउंटंट आहे, तर मला राग येतो. अकाउंटंट बेरीज करतो. आकडा खोटा बोलतोय का आपणच तो चुकीचा वाचतोय, ही शंका मॅनेजरला यायला पाहिजे. त्याला सूत्र पाठ नसलं तरी चालेल, पण ‘थांबा, आधी कुणाला तरी विचारू’ एवढं सुचलं पाहिजे होतं. आम्हालाही सुचलं पाहिजे होतं, ते आहेच.

आता दोन्ही माणसं शेजारी ठेवून बघा. एकाला तक्ता येत होता, दुसऱ्याला माणसं येत होती. सगळे म्हणतात, दोन्ही थोडं थोडं असलेला घ्या. मला ते पटत नाही. अर्धा साहेब आणि अर्धे भाऊ मिळून एक पूर्ण मॅनेजर होत नाही. दोघांत कमी पडलं ते एकच होतं, आणि त्याला मला आपल्याच रानातला शब्द सापडतो: वाफसा.

वाफसा शिकवावा लागतो असं आपल्याला कधी वाटलं नाही, पण तो फार मोठा अभ्यास आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा नियम झाला. नियम मोबाईलवर येतो. पण त्याच पावसानंतर माळाचं हलकं रान दोन दिवसांत पाय देतं आणि ओढ्याकाठचं काळं रान सहा दिवस थांबवतं. मूठभर माती दाबायची, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. फुटून पसरली तर औत घाला, लाडवासारखी पडून राहिली तर घरी जा. घाई केली तर ढेकळं निघतात आणि ती हंगामभर साथ सोडत नाहीत. उशीर केला तर रान आवळतं. जमिनीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती मधली वेळ. ती पंचांगात नसते, तक्त्यात नसते. ती हातात माती घेतल्यावर कळते.

माणसांनाही वाफसा असतो. तात्यांना जुलैमध्ये, भूमिपूजनाच्या आधी भेटलं असतं तर एका चहात काम होतं. सप्टेंबरात तेच रान आवळलेलं होतं. वाईट बातमीलाही वाफसा असतो. २० ऑगस्टला सांगितली असती तर आम्ही महिना आधी ओसरीवर जाऊन बसलो असतो, १८ सप्टेंबरला ती नुसती बातमी राहिली. आणि नकारालाही असतो. ओल्या मालाचा ट्रॅक्टर गेटवर असतानाच नाही म्हणायचं असतं, कट्टे उतरल्यावर नाही.

ही हुशारी कुणात बघितली म्हणाल तर आमच्या भागात सोयाबीन काढणीचं गुत्तं घेणाऱ्या एक मावशी आहेत. शाळा चौथीपर्यंत. बावीस बायांची टोळी. ऑक्टोबरात बारा-पंधरा दिवसांत तीन गावांत साठ एकर उरकतात. कुणाचं रान आधी वाळतं, कुणाचा वाण आधी फुटतो, मळणी यंत्र कुणाकडं कधी रिकामं, टोळीतल्या कोणत्या दोघींना एका ओळीत लावायचं नाही, सगळं डोक्यात. पण मी त्यांचं नाव काढतो ते यासाठी नाही. रोज रात्री आठच्या आत त्यांचा फोन येतो. ‘दादा, उद्या तुमच्याकडं येणं होत नाही, बांधापलीकडचं फुटायला लागलंय, परवा सकाळी सातला येते.’ मी चिडतो, दोन शब्द बोलतोही. पण मळणीवाल्याला रात्रीच सांगून ठेवतो, ताडपत्री काढून ठेवतो. चिडलेला शेतकरी त्यांना चालतो, फसलेला चालत नाही. चार सोमवार ‘प्रोसेसमध्ये आहे’ ऐकलेल्या माणसाला याची किंमत कळते.

मोठ्या कामांतही हेच दिसतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात उतरले. माणूस इंजिनियर, पुण्यात स्वतःचा कारखाना. पंप, पाइप आणि उचल पाण्याचं गणित त्यांना येत होतंच. पण पाणी पंचायतीचं खरं डोकं त्या नियमांत आहे. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचे २० टक्के लाभधारकांनी घालायचे. आणि ऊस लावायचा नाही. पाणी आल्यावर कोण कुणाशी भांडणार हे पाणी यायच्या आधी बघून ठेवलेलं आहे. उसाला नाही म्हणणं पहिल्या दिवशी सोपं, ऊस डोक्याएवढा झाल्यावर कोण ऐकतो?

आणि दुसरी बाजूही आहे. कोकण रेल्वे बघा. १९९० साली महामंडळ झालं, ई. श्रीधरन प्रमुख, रोह्यापासून मंगळुरूपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास. चाळीस हजारांवर खातेदारांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. तिथं माणसं समजणं आलंच. पण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ ओली माती पुन्हा पुन्हा ढासळली. तिच्याशी गोड बोलून चालत नाही, तिथं इंजिनियरचं डोकंच लागतं. पूर्ण मार्ग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडलं. म्हणजे कुठल्या अडथळ्यापुढं आपण उभे आहोत, तात्या का माती, हे आधी ओळखायचं. आमचे साहेब तात्यांना माती समजले आणि भाऊ मातीला, म्हणजे ओलाव्याला, तात्या समजले. चहा पाजून ओलावा उतरत नाही.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. साहेबांनी वाईट बातमी दाबली ती का? पहिल्याच महिन्यात सिमेंटचा दर वाढल्याचं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, तेव्हा आम्ही अकरा संचालकांनी मिळून त्यांना तासभर झोडपलं होतं. ‘तुम्हाला पगार कशाचा देतो?’ असंही कुणीतरी म्हणलं. त्यानंतर त्या माणसानं कुठलीच बातमी वेळेत आणली नाही. भाऊंना नाही म्हणता आलं नाही, कारण ज्यांना नाही म्हणायचं तेच त्यांचा पगार ठरवत होते. असल्या रानात कुठलंही बी टाका, उगवण कमीच. नवीन मॅनेजर कितीही हुशार आणला तरी पहिल्या वाईट बातमीला आम्ही काय करतो, त्यावर पुढचे सहा महिने ठरणार आहेत. हे मी बैठकीत बोललो. दोघांना आवडलं नाही.

सरकारी योजनेतल्या कंपन्यांना व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. ती संपली की मॅनेजरचा पगार धंद्यातून निघावा लागतो. त्यामुळं चुकीच्या माणसावर एक हंगाम घालवणं आपल्यासारख्यांना परवडत नाही, आमचे तर दोन गेलेत.

तर मंगळवारी काय विचारायचं, यावर मी माझ्यापुरतं ठरवलंय. तुमची ताकद काय, पाच वर्षांनी कुठं असाल, असले प्रश्न नकोत. त्यांची उत्तरं पाठ असतात. उमेदवाराला शेडवर न्यायचं. १८ टक्क्यांच्या मालाची गोष्ट सांगायची आणि घट काढायला लावायची, मोबाईल वापरला तरी चालेल. सहा म्हणाला तरी लगेच नापास करायचं नाही. साडेपंच्याण्णवचा आकडा समोर ठेवायचा आणि बघायचं, तो आधी हिशोबावर शंका घेतो का पोरावर. मग विचारायचं, तुमच्या हातून बिघडलेलं एक काम सांगा, आणि ते वरच्यांना कोणत्या दिवशी सांगितलं. कामापेक्षा दिवस महत्त्वाचा. शेवटी मिलच्या जागेभोवती एक चक्कर मारायची आणि काही न बोलता ऐकायचं. हा बांध कुणाचा, पावसाचं पाणी कुठून जातं, रस्ता कुणाच्या गटातून येतो, हे जो स्वतःहून विचारेल, त्याच्यासाठी मी हात वर करणार. मावशींनाही त्या दिवशी शेडवर बोलवावं असं मी सुचवलंय, त्यांना माणूस कसा वाटतो ते बघायला. त्यावर हशा झाला. मी सुचवणं मागं घेतलेलं नाही.

तुमच्या कंपनीत, गटात मॅनेजर कसा निवडला, काय चुकलं, ते खाली लिहा. माणसांची नावं घालू नका, कामाचं लिहा.

रानाची नोंद: काल रात्री ११ मि.मी., आज दुपारपर्यंत ३. हलक्या रानात परवा कोळपं चालेल असं दिसतंय, खालच्या काळ्या पट्टीत शनिवारच्या आधी शक्य नाही. रुंद वरंब्यावरचं सोयाबीन हिरवंगार आहे, सपाट पेरणीतलं सखल भागात पिवळं पडायला लागलंय, पाणी काढून द्यायला सकाळी चर मारला. तुरीची उगवण बरी. खोडमाशीसाठी उद्या झाडं चिरून बघणार, फोटो टाकतो.